बुधवारचा बाक आणि बाळाचं पहिलं वर्ष

परवा १४ जूनला पोरगी एक वर्षाची झाली. केक झाला, पाहुणे गेले, फुगे अजून पंख्याला लटकलेत. मागच्या वर्षी याच दिवसांत मी रात्री तीन वाजता एका हाताने मोबाइलवर काय काय शोधत होते ते आठवलं, "हिरवी शी", "बाळ सारखं रडतं", "दूध पुरतंय कसं कळतं". जे मिळायचं ते एकतर डॉक्टरी भाषेत नाहीतर मला काहीतरी विकायला. म्हणून आमचं जसं घडलं तसं लिहून ठेवते. पसरट होईल, सांभाळून घ्या.

पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी गेले, सातारा जिल्ह्यात. १ जून २०२४ पासून रजा, १४ जूनला सिझर, मुलगी, २ किलो ८००. बिल ६२ हजार, त्यातले ५० ऑफिसच्या इन्शुरन्सने दिले. तिसऱ्या दिवशी कावीळ म्हणून दोन दिवस पोरगी निळ्या लाइटखाली आणि मी बाहेर बाकावर टाके धरून. इथे एक चूक झाली जी पुढे वर्षभर नडली. हॉस्पिटलमध्ये जन्मनोंदणीचा फॉर्म भरायचा असतो (२१ दिवसांच्या आत नोंद व्हायला हवी), तो भावाने भरला आणि आईचं नाव म्हणून माझं माहेरचं नाव टाकलं. सवयीने. मी झोपेत होते, कोणी बघितलंच नाही. त्याचं पुढे सांगते.

माहेरी कशालाच कमी नव्हतं, शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मालिशवाल्या मावशी. तरी मी एकटी होते असं म्हटलं तर आईला वाईट वाटेल, पण होते. आईला ३१ वर्षांपूर्वीचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. "तू तर नुसती झोपायचीस" हे ती शपथेवर सांगायची. दुधाच्या वेळी मी दात आवळून पाय आपटायचे एवढं दुखायचं, आणि चुलत आजी रोज येऊन एकच वाक्य बोलून जायची, "पुरत नाय तिला, वरचं चालू करा." डॉक्टरांकडे वजन केलं तर वजन बरोबर वाढत होतं. पण रात्री तीनला डॉक्टर नसतात, आजीचं वाक्यच असतं.

दीड महिन्याचे डोस तिकडेच सरकारी दवाखान्यात घेतले आणि राखीपौर्णिमा करून डोंबिवलीला आलो. सासूबाई नाशिकला मोठ्या दिरांकडे असतात, नवरा सकाळी साडेसातला बाहेर, म्हणजे दिवसभर मी आणि ती.

अडीच महिन्यांचे डोस होते २८ ऑगस्टला, दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी. आधी खाजगीत चौकशी केली, तिथे "पेनलेस"वाले सगळे धरून एका वेळचे आठ-साडेआठ हजार सांगितले. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात पोलिओ, पेंटा (पाच रोगांवरची एकच लस), रोटा (जुलाबावरची) सगळं फुकट, आणि पहिले डोस सरकारीतच झाले होते, म्हणून तिकडेच गेले. बुधवारी लसीकरण, टोकन साडेनऊला. मी दहाला पोचले तर नंबर ३४. एक लांब बाक, एक पंखा, आणि जिकडेतिकडे दुपटी.

त्या बाकावर मला पोरीच्या डाव्या दंडावर पू भरलेला फोड दिसला. म्हणजे तो आठवडाभर होता, वाढत होता, मला वाटायचं काहीतरी चावलंय. त्या दिवशी तो फुटला आणि झबल्याला डाग पडला. मी रडायलाच लागले, सगळ्यांसमोर. शेजारी एक बाई पिवळी छत्री पायात धरून बसली होती, तिने बघितलं न बघितलं आणि म्हणाली, "कायले भेतं वं? बीसीजी हाय तो." आणि स्वतःच्या पोराची बाही वर करून त्याच्या दंडावरचा वाळलेला व्रण दाखवला. "माह्या पोराले बी झाला होता. काही लावू नको, दाबू नको, आपोआप सुकते." आत सिस्टरनी पण तेच सांगितलं, जन्मल्यावर दिलेली टीबीची लस आहे, महिना-दीड महिन्याने असा फोड येतो, व्रण राहतो.

ही बाई मूळची यवतमाळची. तिचा पोरगा माझ्या पोरीहून सव्वादोन महिन्यांनी मोठा, सर्दीतापामुळे त्याचा तिसरा डोस लांबला होता म्हणून त्या दिवशी ती तिथे होती. लस दिल्यावर अर्धा तास थांबवतात, त्या अर्ध्या तासात तिने मला दोन गोष्टी शिकवल्या. पोरीला छातीकडे आणायचं, आपण वाकायचं नाही, आणि तिचं तोंड मोठं उघडल्याशिवाय द्यायचंच नाही, नुसतं टोक तोंडात गेलं तर दुखणारच. आणि दूध पुरतंय का हे बघायला लंगोट मोजायचे. दिवसाला सहा किंवा जास्त ओले झाले, वजन वाढतंय, तर आजीला काय बोलायचं ते बोलू दे. आईला हे माहीत नव्हतं असं नाही, पण तिच्या आणि माझ्यात ३१ वर्षं होती आणि हिच्यात आणि माझ्यात सव्वादोन महिने. हिला ते दुखणं अजून आठवत होतं.

त्याच बाकावरून पुढच्या दोन-तीन बुधवारांत आम्ही पाच जणी जमलो. मजा म्हणजे सुरुवातीचे काही महिने कोणालाच कोणाचं नाव माहीत नव्हतं. फोनमध्ये माझ्याकडे "छत्री", "जुळ्यांची आई", "सायनवाली", "शिवणवाली" असेच नंबर सेव्ह होते. मी त्यांच्याकडे "फोडवाली" होते, हे मला दिवाळीत कळलं.

२५ सप्टेंबरला साडेतीन महिन्यांचे डोस. पेंटाने ताप येतो हे सिस्टर सांगतात, औषध किती द्यायचं ते वजनावर असतं, लसीच्या कार्डाच्या मागे लिहून घ्या म्हणजे रात्री गोंधळ होत नाही. त्या दिवशी संध्याकाळी जो पाऊस आला तो मुंबईकडच्यांना आठवत असेल, लोकल बंद पडल्या, नवरा घाटकोपरला अडकला. इकडे लाइट गेलेली, पोरगी तापलेली, मांडी सुजलेली, आणि थर्मामीटरचा सेल संपलेला. मी छत्रीला फक्त विचारलं की तिच्याकडे सेल आहे का. ती पोराला प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून थर्मामीटर घेऊन स्वतःच आली, गुडघाभर पाण्यातून, दोन गल्ल्या. ताप १००.८ निघाला. औषध दिलं, अंगावरचे कपडे कमी केले, दोन्ही पोरं एका गादीवर झोपवली आणि आम्ही मेणबत्तीच्या उजेडात पोहे खाल्ले. नवरा रात्री दीडला आला. तोपर्यंत ती बसून होती, फारसं काही बोललो पण नाही.

आता जे लिहायचंय ते दोनदा खोडलं. ऑक्टोबरमध्ये मी बिघडले. पोरगी चार महिन्यांची, रात्री पुन्हा दर तासाला उठायला लागली होती, पण ती झोपली तरी मला झोप येत नव्हती. तिच्याकडे बघून काही वाटायचं नाही. आंघोळीला गेलं की वाटायचं बाहेर येऊच नये. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला दमलीयेस, आणि दमले तर होतेच. जुळ्यांच्या आईने एका बुधवारी मला बाजूला घेऊन सरळ विचारलं, "तुला पोरगी नकोशी वाटते का गं? मला माझे दोघं वाटायचे." इतकं सरळ कोणी विचारलं नव्हतं. तिने स्वतः औषधं घेतली होती, तोपर्यंत आम्हाला पत्ता नव्हता. तिनेच १४४१६ नंबर दिला, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात. रविवारी दुपारी गच्चीवर जाऊन फोन केला, पलीकडची मुलगी अर्धा तास शांतपणे बोलली आणि डॉक्टरला दाखवाच म्हणाली. मग मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले, पहिल्या वेळी ९०० रुपये. त्यांनी दहा प्रश्नांचा कागद भरून घेतला, अंगावर पाजत असताना चालणारी गोळी दिली, आणि नवऱ्याला आत बोलावून सांगितलं की रात्रीची सलग चार तास झोप हे हिचं औषध आहे, ते तुम्ही द्यायचंय. रात्री दहा ते दोन पोरगी त्याच्याकडे, हे तेव्हापासून सुरू झालं. बरं वाटायला तीन-चार आठवडे लागले, एका दिवसात नाही. सहज विचारतात "कशी आहेस", आणि आपण म्हणतो "मस्त". जुळ्यांच्या आईने तसं विचारलं असतं तर मी पण मस्तच म्हटलं असतं.

आमचं सगळं गोडच होतं असं नाही. नोव्हेंबरात सायनवालीने जुळ्यांच्या आईला डब्याच्या दुधावरून काहीतरी ऐकवलं. सायनवालीची बाजू अशी की तिचं बाळ ३२ व्या आठवड्यात झालं, दीड किलोच्या आत, सायन हॉस्पिटलच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत. तिला सुरुवातीला दूधच नव्हतं तेव्हा तिथल्या मिल्क बँकेतलं दुसऱ्या आयांचं दूध त्याला मिळालं. ही बँक १९८९ ला सुरू झाली, आशियातली पहिली, आणि मी वर्षानुवर्षं सायन स्टेशनवरून गेलेय पण मला माहीत नव्हतं. दान करणाऱ्या आईची रक्ततपासणी होते, दूध पाश्चराइज करून मगच देतात. ओळखीत परस्पर दूध देऊ नका असं तिथल्या सिस्टरनी तिला बजावलं होतं. तर तिच्यासाठी आईचं दूध म्हणजे देवच, पण दोन पोरं, एक बाई आणि चालू असलेलं औषध असं समोर असताना डब्यावरून बोलायची ती वेळ नव्हती. दोन आठवडे दोघी बोलत नव्हत्या. मग शिवणवालीने नियम काढला की कोणी विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. मोडतो आम्ही तो, पण आहे.

शिवणवालीचं पण सांगते कारण यात पैशांचा मुद्दा आहे. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० मिळतात, दोन हप्त्यांत, ३,००० आणि २,०००. (दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,००० एकदम.) मला भरपगारी रजा होती म्हणून मी त्यात बसत नव्हते. तिचा फॉर्म आशाताईंनी भरून दिला. दुसऱ्या हप्त्याला जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतचे डोस लागतात, म्हणून ते गुलाबी-पिवळं कार्ड जिवापाड जपा. तर हिचे पैसे येईनात, दोन महिने चकरा. मी अकाउंट्समध्ये काम करते, मी म्हटलं आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते बघू. बघितलं तर लग्नाआधीच्या जळगावच्या खात्याला, पैसे कधीचे तिथे जाऊन बसले होते! सरकारी पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधार ज्या खात्याला लागलंय तिथे जातात, हे अर्ज करायच्या आधी बँकेत विचारून घ्या.

माझी रजा. कायद्याने २६ आठवडे, पण त्यातले दोन मी बाळ व्हायच्या आधीच वापरले होते, म्हणून २ डिसेंबरला हजर व्हायचं होतं आणि पोरीला सहा महिने पूर्ण होत होते १४ ला. घराजवळचं पाळणाघर सहा महिन्यांच्या आतलं बाळ घेत नव्हतं, ६,५०० महिना आणि एक महिन्याचं डिपॉझिट. म्हणजे मधले कामाचे दहा दिवस लोंबकळत. चार दिवस नवऱ्याने रजा टाकली. सहा दिवस छत्रीने पोरगी सांभाळली आणि पैसे घ्यायला सपशेल नाही म्हणाली. मग तिचं अडलेलं काम मी काढलं, आधीच्या शाळेतल्या नोकरीचा पीएफ क्लेम तीन वेळा रिजेक्ट झाला होता, नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख जुळत नव्हती, दोन रविवार बसून ते नीट केलं. तिचे पैसे फेब्रुवारीत आले.

बाटलीची सवय नको म्हणून छत्री पोरीला बोंडल्याने (चोच असलेल्या छोट्या वाटीने) दूध पाजायची. माझ्या आईने बाळंतविड्यात दिलेलं चांदीचं बोंडलं मी शोभेचं समजून कपाटात ठेवलं होतं, ते असं कामाला आलं.

दूध काढायचं मशीन साडेचार हजारांचं घेतलं, पण रजा संपायच्या तीन आठवडे आधीपासून रोज एकदा काढायची सवय करा, पहिल्याच दिवशी ऑफिसात जमत नाही. ऑफिसात जागा नव्हती. पाजण्यासाठी बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन ब्रेक कायद्यात आहेत हे एचआरलाच माहीत नव्हतं. मी ईमेलवर तेव्हाच्या मातृत्व लाभ कायद्याचं कलम ११ लिहून पाठवलं, भांडले नाही, तेव्हा स्टेशनरीच्या खोलीची किल्ली मिळाली. फायलींच्या गठ्ठ्यावर बसून सहा महिने दूध काढलंय मी. काढलेलं दूध बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, आणि उन्हाळ्यात लोकलच्या प्रवासात बर्फाच्या पिशवीशिवाय अजिबात नाही. ऑफिसच्या फ्रिजमध्ये डब्यावर "औषध" असं लिहायचं, "दूध" लिहू नका, का ते सांगायला नको. संध्याकाळच्या लेडीज डब्यात गाठ आल्यासारखं दुखायला लागायचं तर एक कळव्याची बाई बॅग बघूनच उठून जागा द्यायची. तिचा मुलगा कॉलेजला आहे. ती एवढंच म्हणायची, "बस, मला माहितीये."

१४ डिसेंबरला उष्टावण. सासूबाई आल्या होत्या, सोबत मध आणि जायफळ-वेखंडाची गुटी. मी गोंधळले, त्यांना वाईट वाटायला नको. शेवटी डॉक्टरांच्या तोंडून वदवून घेतलं, वर्षाच्या आत मध नाही, मीठ-साखर नाही, गाईचं दूध प्यायला नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले की मुगाचं पाणी पाजू नका, मूगच कुस्करून द्या, चमचा उलटा केला तर पडायला नको इतकं घट्ट. नाचणी सत्त्व मात्र सासूबाईंच्याच हातचं, ते कुठल्याही डब्याला ऐकत नाही. पहिले दहा दिवस पोरगी सगळं थुंकायची. ग्रुपवर टाकलं तर चौघींनी आपापल्या भिंतींचे फोटो पाठवले.

जानेवारी-फेब्रुवारी विशेष काही नाही. सर्दी, दात, सर्दी.

नऊ महिने झाले नेमके धुळवडीला, आणि डोस घेतले १९ मार्चला. गोवर-रुबेलाची लस आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला चमचा, शिवाय न्यूमोनियाचा बूस्टर आणि पोलिओचं इंजेक्शन. तिसऱ्या सुईला पोरीने सिस्टरच्या नाकावर लाथ मारली.

आणि आता तो जन्मदाखला. दाखला जिथे जन्म झाला तिथेच मिळतो, आपण राहतो तिथे नाही. नोंदीत बाळाचं नाव टाकायला वर्षभरात फी लागत नाही, नंतर विलंब शुल्क. मी आळस केला आणि मे महिन्यात गेले. नाव टाकायचं काम एका दिवसाचं होतं, पण माझं माहेरचं नाव आधारशी जुळेना, मग दुरुस्तीचा अर्ज, लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, टायपिंग आणि नोटरी मिळून चारशे रुपये, आणि नऊ दिवसांनी पुन्हा चक्कर. खिडकीवरचे काका म्हणाले रोज दोन तरी अशा येतात. म्हणून सांगते, हॉस्पिटलचा फॉर्म स्वतः वाचा, झोपेत असलात तरी उठून वाचा, आणि बाळाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग आधीच ठरवा. आमचं तिथे खिडकीवरच भांडण झालं, एक ए की दोन.

दाखला आला की आधार सोपं, पाच वर्षांच्या आत बोटांचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो आणि आई किंवा वडिलांचं आधार, फी नाही. फोटोत पोरगी डोळे मिटून आहे.

छत्री आता यवतमाळला चाललीये, नवऱ्याची बदली झाली. जाताना तिने पोराचे स्वेटर, पाळण्याची दोरी आणि अर्धा डबा नाचणी सत्त्व माझ्याकडे टाकलं, छत्री मात्र नाही दिली, मी मागितली होती. पोरगा सव्वा वर्षाचा झालाय, रात्री आठ तास झोपतो म्हणते. म्हणजे ऑगस्टच्या शेवटी माझी पण झोपेल असा हिशोब मी धरलाय.

पुढचे डोस सोळा महिने झाले की, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यानंतरचा बुधवार. टोकन साडेनऊला आहे, नऊलाच जा, आणि पंख्याखालची जागा डाव्या कोपऱ्यात आहे.